काळ्या मालिकेचा पाचवा भाग

तमाम करवीरकर, त्यांचे पाहुणे आणि कामानिमित्त शहरात आलेल्या सर्व मंडळींना याद्वारे कळविण्यात येते की, एका रविवारी सकाळी साडेनऊ वाजता, तालमीच्या माडीवर, दोन इंग्रजी कादंबरीमालिकांपैकी कोणत्या मालिकेचं लेखन सरस आहे याचा कायमचा निकाल लावण्यात आला. वाङ्मयाच्या कुठल्याही इतिहासात या घटनेची नोंद नाही. ती नजरचुकीने राहून गेली असावी असं धरून मी ती इथे करतो आहे. पंच तिघे होते. त्यांतला एक लबाडी करत होता. तो मी.

ही माडी कशी होती ते आधी सांगायला हवं. खाली तालीम आणि वर वाचनालय. पेठेतल्या कुणा जुन्या माणसाला वाटलं की पोरांनी खाली अंग कमवावं, मग वर जाऊन डोकं कमवावं, म्हणून त्याने माडी चढवली. प्रत्यक्षात खालची पोरं वर यायची ती पंख्याखाली घाम वाळवायला. त्यामुळे आमच्या पुस्तकांना तांबड्या मातीचा आणि तेलाचा एक मिश्र वास असे. मी नंतर मोठमोठ्या ग्रंथालयांत गेलो, पण तिथली पुस्तकं मला कायम थोडी आजारी वाटली.

तालमीचे वस्ताद हेच वाचनालयाचे अध्यक्ष, ही रीत. सत्तरीचे, मोडक्या कानांचे, बसले की खुर्ची आधी कुरकुरणार आणि मग गप्प होणार. ते फक्त वर्तमानपत्र वाचत, तेही मोठ्याने, म्हणजे इतरांना वाचायची गरज उरत नसे. पुस्तकांचा सगळा कारभार गुरुजींकडे. गुरुजी म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक. खिशाला कायम एक तांबडी पेन्सिल. वर्तमानपत्रातल्या चुका ते त्या पेन्सिलीने दुरुस्त करून ठेवत, त्यामुळे दुपारनंतर येणाऱ्यांना दुरुस्त बातम्या वाचायला मिळत. आणि तिसरा मी. कॉलेजात इंग्रजी शिकवणारा, पस्तिशीतला, स्वतःच्या अभिरुचीवर बेहद्द खूश असलेला माणूस.

नव्वदच्या दशकात या माडीवर इंग्रजी विभाग नावाचा प्रकारच नव्हता. एक शब्दकोश होता, तो खिडकीचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून वापरत. मग दोन हजार साल उलटलं आणि पेठेतला एक मुलगा बंगळूरला नोकरीला लागला. त्याने सुट्टीत येताना दोन जाडजूड कादंबऱ्या आणून दिल्या. दोन्ही पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांसाठी लिहिलेल्या, दोन्हींत जादू, दोन्हींच्या मालिका चालू. पुढे प्रत्येक सुट्टीत तो दोन्हींचे नवे भाग आणत गेला. नावं उच्चारायला अवघड, म्हणून मुखपृष्ठाच्या रंगावरून माडीवर त्यांना 'निळी' आणि 'काळी' म्हणत. "निळीचा दुसरा आलाय का वो?" असं पोरं विचारत, जणू गाडीचीच चौकशी चालली आहे.

निळीत एक बेट होतं. तिथले लोक वारे रांजणांत भरून ठेवत आणि गरजेप्रमाणे सोडत. एका मुलाकडे त्या रांजणांची राखण होती. काळीत एका आंधळ्या राजाचा किल्ला होता. दर अमावस्येला त्या किल्ल्यात आपोआप एक खोली वाढे आणि त्याच रात्री किल्ल्यातलं एक माणूस नाहीसं होई. स्वयंपाकघरात राबणारी एक मुलगी आपल्या नाहीशा झालेल्या थोरल्या बहिणीला शोधत होती.

आता लेखनाचं म्हणाल, तर निळी लिहिणाऱ्या बाईंना भाषा येत होती, यात वाद नाही. वाक्य कुठे थांबवावं हे त्यांना कळत होतं. रांजणाचं झाकण उघडल्यावर पहिल्यांदा मुलाच्या भुवया थंड पडतात, असं त्यांनी लिहिलं होतं. वारा दाखवायचा तर पडदे न हलवता भुवया गार करायच्या, हे सुचायला मोठा माणूस लागतो. मी ते वाक्य कॉलेजात फळ्यावर लिहून दाखवलं होतं. काळी लिहिणारा गृहस्थ मात्र हातात सापडेल त्या शब्दाने ठोकत सुटलेला. त्याच्या पुस्तकात सगळ्यांचे डोळे चमकत. राजा आंधळा, पण त्याचेही चमकत. नायिकेचं काळीज पानागणिक धडधडे, ओठ तर तिने इतक्या वेळा चावला होता की चौथ्या भागापर्यंत तो शिल्लक कसा राहिला हाच खरा चमत्कार. 'अचानक' या शब्दावर तर त्याची अशी भक्ती, की माणसं अचानक उठत, अचानक बसत आणि अचानक विचारात पडत. दोन पहारेकरी आयुष्यभर एकाच किल्ल्यात राहूनही एकमेकांना सांगत, "तुला ठाऊकच आहे, आपला राजा आंधळा आहे." ठाऊक आहे तर सांगतोस कशाला, असं मी पानाच्या कडेला लिहिणार होतो, पण पुस्तक वाचनालयाचं होतं.

गुरुजींनी काळीच्या पहिल्या भागाची तीस पानं वाचली आणि पेन्सिल खाली ठेवली. "तीस पानांत एकशेचार विशेषणं," ते म्हणाले. "भात शिजला का बघायला सगळं पातेलं खावं लागत नाही." मीही मान डोलावली. मी चारही भाग वाचले होते हे मात्र त्यांना सांगितलं नाही. पंधरा दिवसांत वाचले होते. अभ्यासासाठी, असं मी घरात म्हणत असे. आणि आणखी एक गोष्ट मी लपवून ठेवली होती. तिसऱ्या भागापासून त्या गृहस्थाला थोडं थोडं लिहिता यायला लागलं होतं. भाषा होती तशीच ढोबळ, पण माणसं एकमेकांना घाबरू लागली होती, खोटं बोलू लागली होती. उलट निळीत तिसऱ्या भागापासून सगळे एकाच आवाजात बोलायला लागले. राखण करणारा मुलगा, त्याची आई, बेटावरचा कोळी, सगळे सुंदर बोलत आणि सगळे गुरुजींसारखे बोलत. बाईंना स्वतःचं धुकं आवडू लागलं होतं. एका प्रकरणात चौदा पानं धुकंच होतं. मला ते दिसत होतं. पण एकदा सरस म्हटलेल्या पुस्तकाला मधेच नीरस कसं म्हणायचं? कॉलेजात तोंड दाखवायचं असतं.

अडचण उभी राहिली ती फळीमुळे. इंग्रजी विभाग म्हणजे एक फळी, आणि दोन्ही मालिकांचे चार-चार भाग मिळून ती भरली. दोन्हींचे पाचवे, म्हणजे शेवटचे भाग निघाल्याची बातमी आली. गुरुजींनी आमच्या तिघांच्या समितीपुढे ठराव मांडला. दोहोंपैकी एकच मालिका पुरी करावी, दुसरीचे चारही भाग शाहूवाडीच्या एका शाळेला पेटीत भरून द्यावेत. कोणती ठेवायची हे लेखनाच्या दर्जावर ठरावं. "आणि दर्जाबद्दल दुमत नसावं," असं म्हणून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "नाहीच."

तेव्हा कोपऱ्यातल्या टेबलाशी बसलेली मुलगी बोलली. "हाय की. दुमत हाय."

ही मुलगी नववीत होती. मराठी शाळेत जाणारी, वडिलांची रिक्षा. सहामाहीत तिची इंग्रजीत दांडी उडाली होती, आणि त्याच सुमारास तिने काळीचा पहिला भाग घरी नेला. शंभरपानी वहीत शब्द उतरवायचे, पुढे अर्थ लिहायचे, असं करत पहिल्या भागाला तिला चार महिने लागले. चौथा तिने नऊ दिवसांत संपवला. आयुष्यात तिने पुरं वाचलेलं पहिलं इंग्रजी पुस्तक म्हणजे काळीचा पहिला भाग, दुसरं पुस्तक म्हणजे दुसरा भाग, आणि असंच पुढे. पाचव्या भागासाठी तिने आपल्या हाताने एक यादी करून टेबलाच्या खणात ठेवली होती. एकोणीस नावं. पहिलं तिचं.

गुरुजी शांतपणे म्हणाले, "बाळ, आवडणं निराळं आणि चांगलं असणं निराळं."

"मग आवडतंय त्ये ठेवा की. चांगलं असंल त्ये शाहूवाडीला द्या. त्यांना बी चांगलंच मिळंल."

मी हसू दाबलं. गुरुजींनी दाबलं नाही, कारण त्यांना आलंच नव्हतं. मी जरा मोठेपणा घेऊन म्हणालो, "हे बघ, पाचवा भाग मी तुला पुण्याहून आणून देतो. मग तर झालं?"

"मला एकटीला नको, सर." तिने खण ओढून यादी दाखवली. "ह्या अठरा जणांना काय सांगू? आणि चार भाग तिकडं गेल्यावर नवीन कोण चालू करणार? मधनंच? शेवट एकटीनं वाचून करू काय, कुणासंग बोलू?"

मी यादी हातात घेऊन नावं वाचू लागलो. तेवढ्यात चाचा आत आले. चाचा म्हणजे आमचे बाइंडर. तीन पिढ्या पुस्तकं शिवणारं घर. दर महिन्याला येऊन फाटलेली पुस्तकं न्यायचे आणि शिवून आणायचे. त्यांच्या बोटांना खळीचा पांढरा थर कायम. गुरुजींनी त्यांना साक्षीला ओढलं. त्यांची खात्री होती की चाचांसारखा कारागीर चांगल्या मालाच्याच बाजूने बोलेल.

चाचांनी आठही पुस्तकं टेबलावर घेतली. वाचली नाहीत. पानांची कड उजेडात धरली. "ह्ये निळं बघा. हितनं हितपर्यंत काळं पडलंय. हाताचा मळ. साठ-सत्तर पानं. पुढं कोरं, जसं छापखान्यातनं आलं तसं. दुसऱ्या भागाला वीस पानं. तिसरा तर उघडलाच न्हाय कुणी, एक-दोन मानसं सोडली तर." ती एक-दोन माणसं म्हणजे गुरुजी आणि मी. "आता ह्ये काळं. ह्याची शिलाई तीनदा तुटली. तिन्ही वेळा मीच शिवलं. मळ शेवटच्या पानापर्यंत. हितं हळद हाय, हितं चहा सांडलाय, आणि हितं कुणीतरी रडलंय, न्हायतर नाक शिंकरलंय. त्ये मला सांगता यायचं न्हाय."

"म्हणजे चिंधी झाली ते पुस्तक चांगलं?" गुरुजी उसळले.

"तसं कुठं म्हटलं म्या? हात कुठवर गेला तेवढं मला कळतं, गुरुजी. डोकं कुठवर गेलं त्ये तुम्ही सांगा."

वस्ताद इतका वेळ डोळे मिटून बसले होते. आम्हाला वाटलं झोपले. ते डोळे न उघडता म्हणाले, "झालं काय तुमचं? म्हंजे एक म्हणतोय ह्यो पैलवान देखणा, आणि एक म्हणतोय ह्यो पैलवान तगडा. बोलून काय व्हणार हाय? लावा कुस्ती. रविवारी. निकाली."

निकाली म्हणजे बरोबरी चालणार नाही, एक पडेपर्यंत लढायचं. पुस्तकांची कुस्ती कशी लावतात हे भूतलावर कुणालाच माहीत नव्हतं, पण वस्तादांनी म्हटलं म्हणजे ती लागणार होती. अर्ध्या तासात नियम ठरले. जोड बरोबरीची हवी, म्हणून दोन्हींचा चौथा भाग. पान एकच, दोन्हींकडचा आकडा तोच. मोठ्याने वाचायचं. वस्तादांना आणि खालच्या पोरांना इंग्रजी येत नाही, म्हणून आधी इंग्रजी ओळ, मग लगेच मराठीत सांगायचं. निळीकडून मी, काळीकडून ती मुलगी. पान संपलं की थांबायचं, वाक्य अर्धं असलं तरी. "शिट्टी झाली की हात सोडायचा," वस्ताद म्हणाले. "पुढचा डाव मनात ठिवायचा." वाचन चालू असताना गुरुजी तांबड्या पेन्सिलीने दोषांच्या रेघा मारणार. शेवटी आम्ही तिघा पंचांनी सांगायचं, कोण पडलं. वाचणारा मी आणि पंचही मी, हे कुणाला खटकलं नाही. मला तर मुळीच नाही.

पान कोणतं, ते आयत्या वेळी ठरवायचं होतं. इथे माझी लबाडी येते.

शनिवारी मी दोन्ही चौथे भाग घरी नेले आणि पान-पान जुळवत बसलो. मला असं पान हवं होतं जिथे निळी उत्तम आणि काळी वाईटात वाईट. निळीला पुढेपुढे उतरती कळा लागली होती, त्यामुळे शोधायला वेळ लागला. शेवटी सापडलं, पान एकशे बारा. निळीत त्या पानावर एक म्हातारा रिकाम्या रांजणाला कान लावून बसतो, एवढंच. पण काय लिहिलं होतं! सगळ्या चौथ्या भागात तेवढं एक पान पहिल्या भागाच्या तोडीचं. आणि काळीच्या एकशे बारावर नजर टाकली तर वरच्या चार ओळींत 'अचानक' दोनदा, काळीज धडधडलेलं, डोळे डबडबलेले, ओठ चावलेला. मी एवढं पाहिलं आणि पुस्तक मिटलं. पुढचं वाचायची गरजच नव्हती. आणि एकशे बारा हा वस्तादांचा सभासद क्रमांक होता. हा योगायोग मी घडवला नव्हता, पण वापरायचा नाही इतका मी संतही नव्हतो.

रविवारी माडी भरली. खालची पोरं आंघोळ करून, डोक्याला पाणी तसंच ठेवून आली होती. शाळेच्या चार-पाच मुली यादीतली नावं म्हणून हजर होत्या. चाचा पायरीवर बसले. पान ठरवायची वेळ आली तशी मी सहज सुचल्यासारखं म्हणालो, "वस्तादांच्या सभासद नंबराचंच पान घेऊ की. मान आहे त्यांचा."

पोरांनी टाळ्या वाजवल्या. मुलीने माझ्याकडे पाहिलं. पुस्तक उघडून एकशे बारा काढलं, वरून खालपर्यंत नजर फिरवली. मला वाटलं आता ती हरकत घेणार.

"चालंल," ती म्हणाली. आणि थोडं थांबून, "सर, पान संपलं की थांबायचंच ना? नक्की?"

"नक्की," मी म्हणालो. दयाही आली मला तिची.

पहिली निळी. मी उभा राहिलो. रात्री मी त्या पानाचं मराठी मनात घोळवून ठेवलं होतं, शब्द न् शब्द. म्हातारा रांजणाला कान लावतो. आत काही नाही. पण त्या काही नसण्यालाही एक आवाज आहे, आणि तो म्हाताऱ्याने लहानपणी आईच्या पोटाला कान लावून ऐकला होता. मी आवाज खाली आणला, योग्य तिथे श्वास घेतला. गुरुजींची पेन्सिल हवेतच राहिली. सगळ्या पानात एकही रेघ नाही. एक ओळ ऐकून त्यांनी चष्मा काढून पुसला. पान संपलं तसे ते हळूच म्हणाले, "याला म्हणतात लिहिणं." माझं ते वाचन खरोखर चांगलं झालं होतं. पोरंही शांत बसली होती. त्यांतलं एक पोरगं खरं म्हणजे झोपलं होतं, पण शांतता ती शांतताच.

"बरं हाय," वस्ताद म्हणाले. "म्हाताऱ्याचं दुखणं काय त्ये काय कळलं न्हाय. पण बरं हाय."

मग ती उभी राहिली. आधी चार वाक्यांत मागचं सांगितलं. किल्ल्यात कालच नवी खोली वाढली आहे. नायिका कंदील घेऊन एकटी तिच्यापाशी आली आहे. ही खोली बाहेरून कडी असलेली पहिलीच. बाकीच्या खोल्यांना कड्या आतून असतात.

तिने पहिली इंग्रजी ओळ वाचली. अचानक, धडधड, डबडब. गुरुजींच्या रेघा सुरू झाल्या. एक, दोन, तीन. मग तिने ती ओळ मराठीत सांगितली.

"ती हुबी ऱ्हायली. कंदील हातात. हात कापतोय, म्हणून उजेड बी कापतोय, भिंतीवर."

मी चमकलो. पुस्तकात उजेड कापत नव्हता. पुस्तकात काळीज धडधडत होतं आणि त्याला दोन विशेषणं होती.

गुरुजींनी हात वर केला. "हे त्यात नाही."

"त्यात हाय की," ती म्हणाली. "हात कापतोय म्हणून दिलंय त्यानं, खालच्या ओळीत. मग उजेड कापणारच की, गुरुजी. कंदील हातातच हाय न्हवं?"

"चालू द्या," वस्ताद म्हणाले.

ती पुढे गेली. एक ओळ इंग्रजी, एक ओळ तिची. इंग्रजी ओळीला गुरुजींची रेघ पडायची, मराठी ओळीला पडायची नाही, कारण मारायला जागाच नसायची. तिच्या सांगण्यात एकही 'अचानक' आला नाही. त्या गृहस्थाने ओठ चावला की ती म्हणायची, "ती काय बोलली न्हाय." डोळे डबडबले की म्हणायची, "तिला कंदील दोन दोन दिसायला लागलं." चार महिने शब्दकोश उलटून उलटून तिला कळलं होतं की या माणसाच्या दहा शब्दांतले सात सोडले तरी चालतात. उरलेले तीन मात्र त्याने नीट निवडलेले होते. मी चार भाग वाचून मला हे उमगलं नव्हतं, कारण मी त्या सातांचीच मोजदाद करत बसलो होतो.

"मागनं आवाज आला. राजा. आंधळा. काठी न्हाय हातात, एकटाच आला, भिंत चाचपत. म्हणाला, 'ह्या खोल्या मी बांधत न्हाय. मला बी ठावं न्हाय कोण बांधतं. मी फकस्त मोजतो.' ती म्हणाली, 'किती झाल्या?' त्यो म्हणाला, 'एकशे अकरा. एकशे अकरा मानसं गेली.' आन् मग म्हणाला, 'पर ही खोली एकशे बारावी हाय, आन् काल कुणीच नाहीसं झालं न्हाय. मी सगळ्यांस्नी मोजून आलो. सगळी हायत.'"

खालच्या पोरांपैकी झोपलेलं पोरगं कधी जागं झालं मला कळलं नाही. चाचा पायरीवरून उठून दारात आले होते. वस्तादांची खुर्ची कुरकुरली, ते पुढे झुकले होते.

"ती म्हणाली, 'मग ही खोली कुणासाठी वाढली?' राजानं आपला हात पुढं केला आन् कडी चाचपली. आन् हात मागं घेतला. कडी गरम हुती. त्यो म्हणाला, 'आत्ताच कुणीतरी लावलीय.' तिनं कान लावला दाराला. पैल्यांदा काय न्हाय. मग आतनं कुणीतरी तिला हाक मारली. नावानं न्हाय. घरातल्या नावानं, जे फकस्त तिच्या भनीला ठावं हुतं. पर आवाज भनीचा न्हवता. ती म्हणाली, 'कोण?' आन् आतनं—"

मुलीने पुस्तक मिटलं.

मिटून ते छातीशी धरलं आणि वस्तादांकडे पाहून म्हणाली, "पान संपलं."

माझ्या हातात दुसरी प्रत नव्हती. मी चारही भाग वाचलेला माणूस, पुढच्या पानावर काय आहे ते मला माहीत होतं, आणि तरीही माझा हात तिच्या पुस्तकाकडे गेला होता. तो मी तसाच वळवून केस सारखे केले. एकशे बारा या पानाच्या वरच्या चार ओळी पाहून मी पुस्तक मिटलं होतं, तळाच्या ओळी पाहिल्याच नव्हत्या. तिने काल संध्याकाळी नाही, आत्ता इथे, एका नजरेत त्या पाहिल्या होत्या, आणि मगच 'चालंल' म्हटलं होतं.

वस्तादांनी रिवाजाप्रमाणे बाकीच्या दोघा पंचांकडे मान वळवली. मी गुरुजींकडे पाहिलं. त्यांच्यासमोरच्या कागदावर वरच्या बाजूला नऊ तांबड्या रेघा होत्या, एकाखाली एक, नीट. नवव्या रेघेनंतर कागद कोरा होता. पेन्सिल टेबलावरून घरंगळून खाली पडली, तिचा आवाज झाला, पण त्यांनी तिकडे पाहिलं नाही. ते मुलीकडे पाहत होते. त्यांचा चेहरा मी इतकी वर्षं ओळखत होतो. त्यावर मी संताप पाहिला होता, कंटाळा पाहिला होता, समाधान तर त्याच सकाळी पाहिलं होतं. हे काहीतरी निराळंच होतं. ते अर्धवट उठले, एक हात टेबलावर टेकवला आणि सबंध माडीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने ओरडले,

"अगं ए पोरी, मिटलंस कशाला? आतनं कोण हाय, त्ये सांग की आधी!"